तिसऱ्या पानावरची सही

फोन ठेवला तेव्हा माझ्या हाताला ज्वारीचं पीठ होतं आणि रिसीव्हरवर चार बोटं उमटली. ओलं फडकं आणून ती पुसली, तर बोटं गेली आणि एक पांढुरका लेप मागे राहिला, तो काही केल्या जाईना. बोलणं अर्ध्या मिनिटाचंच झालं होतं. रुवीहून, इथल्या बाजारभागातून, आमच्या वकिलांच्या, रामकृष्णसाहेबांच्या ऑफिसातून फोन होता. साहेब स्वतःच होते. "मॅडम, पेज थ्री पे साहब का साइन रह गया है. आपका सब पे है, साहब का भी बाकी सब पे है. एम्बसी जाने से पहले करा लीजिए. दो मिनिट का काम है." मी "जी, जी" म्हणत राहिले. माझा आवाज मुळातच लहान, फोनवर समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. त्यांनीही विचारलं, "सुनाई दे रहा है ना मॅडम?" सगळं ऐकू येत होतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वासही येत होता. पण मी तिथेच उभी राहिले, कारण तिसऱ्या पानावर काय आहे हे मला ठाऊक होतं. पाच पानांतलं तेच एक पान मला पाठ आहे.

पहिल्या पानावर आमची नावं, लग्नाची तारीख, गिरिजा आणि भानुदास, राहणार अल् घुब्रा. दुसऱ्यावर कोणाचं काय आहे त्याची यादी, आणि त्या यादीत अकोल्याचं घर माझ्या नावापुढे. चौथ्या-पाचव्यावर साक्षीदार आणि तारखा. आणि तिसऱ्यावर दोनच परिच्छेद. एक असा, की आम्ही दोघांनी हे कोणाच्याही दबावाशिवाय, आपल्या मर्जीने, समजून-उमजून केलं आहे. दुसरा असा, की या घरावर दुसऱ्या कोणाचाही हक्क, वहिवाट किंवा कोणाला दिलेलं वचन नाही. इंग्रजीत लिहिलंय म्हणून ते जरा लांबचं वाटतं. सकाळी वंदनेला बसले की मनात आपोआप त्याचं मराठी होतं. पंचशील म्हणते मी रोज, एकोणीस-वीस वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. मुलीच्या, भावनाच्या वेळी दवाखान्यात कळा येत असतानाही ओठ हलवून म्हटलं होतं. पण वैशाखी पौर्णिमेपासून, म्हणजे चार आठवड्यांपासून, चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी जरा घाईनं म्हणते. पायरी मोडकी असली की आपण पाय न टेकवता पुढच्या पायरीवर जातो, तसं. बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती असते, एसीच्या वाऱ्यानं ती हलते, आणि मी डोळे मिटलेले असले तरी ती हललेली मला कळते.

असा काही करार असतो हेच मला वर्षापूर्वी ठाऊक नव्हतं. लग्नाआधी करतात तो ऐकून होते, सिनेमातल्या श्रीमंतांचा. लग्नानंतरही करता येतो हे यांच्या ऑफिसातल्या कोणाकडून तरी कानावर आलं, आणि मग मीच यांना म्हटलं, एकदा विचारून तर येऊ. रामकृष्णसाहेबांनी शांतपणे समजावलं होतं. दोघांनी आपलं जे आहे ते सगळं मांडायचं, एकही गोष्ट लपवायची नाही. शक्यतो दोघांनी वेगवेगळ्या वकिलांना दाखवायचं. मुलीचा ताबा वगैरे त्यात बांधता येत नाही. उद्या वेगळं व्हायचंच असं धरून लिहिलं तर आपल्याकडची कोर्टं ते मानतीलच असं नाही, पण नवऱ्याचं काय आणि बायकोचं काय, एवढं लिहून ठेवता येतं. घर आहे म्हणजे तिकडे गेल्यावर स्टॅम्प, नोंदणी हे आलंच. "और सबसे बडी बात, मॅडम, मर्जी. कल को निकला कि दबाव था, तो पूरा कागज गया. इसलिए घर ले जाइए, आठ दिन रखिए, पढिए. जल्दी मत कीजिए." हे म्हणताना ते यांच्याकडे पाहत होते. हे पाहत होते भिंतीवरच्या उंटांच्या कॅलेंडरकडे. मी त्याच कॅलेंडरवर पाहिलं की पौर्णिमा रविवारी आहे, आणि मी म्हटलं, "आम्ही रविवारी येतो."

ते मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

पौर्णिमेचं सांगायला हवं. मी दर पौर्णिमेला अष्टशील घेते, पांढरी साडी नेसते, दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. ते माझं एकटीचं. पण घराचाही एक नेम आहे आणि तो मीच घातलेला, इथे आलो त्या पहिल्या वर्षी, एक्याण्णव साली. तेव्हा एकच खोली होती, पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता आणि आम्ही कशावरून तरी भांडलो होतो, बहुतेक बादलीवरून. त्या दिवशी पौर्णिमा होती. मला इतकी लाज वाटली, की मी म्हटलं, आजपासून पौर्णिमेला या घरात कोणी कोणाला नाही म्हणायचं नाही. दान द्यायला इथे परदेशात आपल्यापाशी दुसरं काय आहे, निदान होकार तरी देऊ. हे हसले होते. "मी तर रोजच हो म्हणतो," म्हणाले. ते खरंच होतं. गाडी मागितली, हो. सुट्टीतली ड्यूटी बदलून मागितली, हो. खाबुऱ्याला कोणाचं सामान पोचवायचंय, यल्ला, चला. या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक. महिन्यातून एक दिवस मीही त्यांच्यासारखं व्हावं, एवढाच माझा हेतू होता. मग भावना मोठी झाली आणि तिने तो नेम ताब्यात घेतला. कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवायची. "मम्मी, टुडे फुल मून आहे, यू कान्ट से नो." पिझ्झा, स्केट्स, केस कापणं, मांजर. मांजराच्या वेळी मी फार धडपडले, पण नेम तो नेम. मांजर सहा महिने होतं, मग गॅलरीतून गेलं ते गेलंच. आमच्या घरात हे सगळं हसण्यावारी होतं. एवढं हलकं, की त्याला कधी कोणी हत्यार म्हणून हातात घेईल हे सुचण्याजोगं नव्हतं. मला ते त्या कॅलेंडरसमोर अर्ध्या क्षणात सुचलं.

मला भीती होती. ती खोटी नव्हती, एवढं तरी मी स्वतःला म्हणू शकते. यांच्या ऑफिसातला एक चांगला माणूस खाबुऱ्याच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याची बायको दोन मुलं घेऊन गावी परतली, तर तिच्याच घराला दुसऱ्याचं कुलूप. तिचं पत्र आलं होतं मला. अक्षर सुंदर होतं आणि एकही तक्रार नव्हती, म्हणूनच मी ते पत्र भावनाच्या जुन्या पुस्तकांखाली ठेवलं. त्याच सुमारास अकोल्याहून लोकेशचं पत्र आलं, काका, लग्न ठरतंय, घरावर एक मजला चढवू का म्हणून. हे वाचून म्हणाले, "चढवू दे की." लोकेश म्हणजे यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेले. वहिनींनी दिराला आणि मुलाला एकाच ताटात वाढवलं. त्या जिनिंगमध्ये कामाला जायच्या, परत यायच्या तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. हे सांगतात, वहिनी चुलीपुढे बसली की मी मागून तिच्या केसांतला कापूस वेचायचो आणि ती मला पाढे विचारायची. मी लग्न होऊन आले तेव्हा जिनिंग सुटलं होतं, पण मला उगाच वाटायचं की त्यांच्या पदराला अजून सरकीचा वास आहे. घर बांधलं आमच्या इथल्या पैशानं. वास्तूला वंदना झाली, खीर वाटली, आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, मागच्या दोन खोल्या तुझ्या. कायमच्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला स्टोव्ह तिकडे नेला आणि दारात कढीपत्ता लावला. दर सुट्टीला मी त्या कढीपत्त्याची पानं वाळवून इथे आणते. आजच्या वरणातही तीच आहेत.

वैशाखी पौर्णिमेला सकाळी मी पांढरी साडी नेसले, अष्टशील घेतलं, आणि आम्ही रुवीला गेलो. जहूरभाई आणि शकीला साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर. जहूरभाईंचं अल खौदला विद्यापीठाजवळ स्टेशनरीचं दुकान, मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्याच मजल्यावर राहतात. वाटेत ते म्हणाले, "भाऊ, वाचलंत ना?" हे म्हणाले, "गिरिजानं वाचलं म्हणजे मी वाचलं." स्टिअरिंगवर टॉवेल टाकला होता तरी हात भाजत होते. ऑफिसात रामकृष्णसाहेबांनी दार बंद करून दोघांना समोर बसवलं आणि प्रश्न विचारले. आपकी मर्जी है? हे म्हणाले, "हां." कोई दबाव? "नहीं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, घर पे और किसी का हक, कोई वादा, कुछ? मी म्हटलं, "नहीं." अगदी हळू. त्यांनी पुन्हा विचारलं, ऐकू गेलं नाही म्हणून, आणि मी पुन्हा म्हटलं, "नहीं." एकच खोटं दोनदा, तेही अष्टशील घेऊन, तेही वैशाखी पौर्णिमेला. यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या दुकानात गेल्यावर तिथे दुसराच माणूस गल्ल्यावर दिसावा, तसं पाहिलं. मग त्यांनी पेन घेतलं. मी खिडकीबाहेर बघत होते. पानं उलटल्याचा आवाज येत होता, पाच पानं, दोन प्रती. परतताना त्यांनी मला शहाळं पाजलं, बारा वाजायच्या आत.

करपलेली भाकरी मी काढून ठेवली आणि कपाटातून घरची प्रत आणली. एक प्रत वकिलांकडे, एक आमच्याकडे. एका प्रतीत सही राहू शकते. माणूस विसरतो, पान चिकटतं. मी पिठाचे हात धुतले, कोरडे केले, आणि तिसरं पान उघडलं. खाली माझी सही, नीट, शाळेतल्यासारखी. शेजारची जागा कोरी होती. कोरी म्हणजे अगदी कोरीही नाही. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर तिथे शाईचा एक ठिपका होता. पेन टेकवून उचललेलं. मी तो ठिपका बोटानं पुसून पाहिला. लेपासारखाच, गेला नाही.

तेवढ्यात शकीला वाटी घेऊन आली. तिला बेल वाजवायची सवय नाही. "अगो, चेहरा बघ तुझा. कोण वारलं काय?"

"कोणी नाही. वकिलांचा फोन होता. यांची एका पानावर सही राहिलीय."

"बस? नि त्यावर एवढां तोंड? भाऊजी गरीब माणूस हाय. चाय दे नि पेन दे. आमचा जहूर असता तर चार दिवस चष्माच शोधला असतान."

मी हसले असेन. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "पण एक सांगू? तुमचा ता त्या दिवशीचा मला काय बरोबर नाय वाटला. आमच्यात निकाह पडताना मेहेर, बायकोचा हक्काचा पैसा, लिवतात ना, तर बाईकडे तिचा वेगळा माणूस जाता, साक्षीदार घेऊन. विचारता, कबूल हाय काय? एकदा नाय, तीनदा विचारतात. मी पहिल्या दोन वेळा बोललीच नाय, लाजेनं. तिसऱ्यांदा बोलली. भाऊजींना एकदाच विचारलान. नि तू बाजूलाच बसलेली, पांढरी साडी नेसून."

"पांढऱ्या साडीचं काय त्यात?"

"मला काय म्हायत. मला आपला दिसला तां बोलली. साखर हाय का गो वाटीभर?"

ती साखर घेऊन गेली. मी कॅलेंडरपाशी गेले. आज शनिवार. सोमवारभोवती भावनाचा लाल गोल होता, ज्येष्ठी पौर्णिमा. आणि पुढच्या बुधवारी आमचं विमान, शाळेला सुट्टी आहे तोवर. दोन दिवस थांबलं तर झालं. काही बोलायचंही नाही. पांढरी साडी नेसायची, पान पुढे ठेवायचं, आणि त्यांच्या हातातलं पेन या वेळी उचललं जाणार नाही. घर माझं, भावनाचं. त्या पत्र लिहिणाऱ्या बाईसारखं कोणाचं कुलूप पाहावं लागणार नाही. वहिनींना मी काय बाहेर काढणार आहे? राहतील की त्या, माझ्या घरात, माझ्या मर्जीनं. हे मनात म्हटलं आणि त्याच्यातलं "माझ्या मर्जीनं" मला ऐकू आलं. मागच्या महिन्यात फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "मले काही नको आणू वं गिरिजा. तू येतं म्हणून मी तुह्या खोलीले चुना देला." माझ्या खोलीला. स्वतःच्या दोन खोल्यांना नाही.

हे तीन वाजता आले. भावना आतल्या खोलीत टीव्ही लावून बसली होती. यांनी हातपाय धुतले, बनियनवर जेवायला बसले, ठेचा पाहून "वा" म्हणाले. मी वाढलं. मी माझं ताट घेतलं नाही. ताटाशेजारी ते पान ठेवलं, त्यावर पेन.

"रामकृष्णसाहेबांचा फोन आला होता. तिसऱ्या पानावर सही नाही तुमची."

ते भाकरी मोडत राहिले. "हं."

"या प्रतीतही नाही."

"हं."

"पौर्णिमा परवा आहे," मी म्हटलं. "आज साधा शनिवार आहे. म्हणून आज विचारते. त्या वेळचा दिवस मी मुद्दाम निवडला होता."

"माहीत आहे मला."

"आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

"तेही माहीत आहे. मी बाजूलाच होतो ना." त्यांनी पानाकडे पाहिलं, हात खरकटा होता म्हणून डाव्या हाताच्या बोटानं ते जरा लांब सरकवलं. "पेन टेकवलं होतं मी. मग म्हटलं वाचावं. बाकीची नाही वाचली, तेवढं एकच वाचलं. तू पांढऱ्या साडीत. नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून पान उलटलं."

"आणि आज?"

आतून भावनाच्या टीव्हीवरची माणसं हसत होती. यांच्या कपाळावर घाम आला होता, एसी चालू असून. बत्तीस जणांची पाळी सांभाळणारा माणूस, आणि एक शब्द तोंडातून काढायला त्याला घाम फुटला होता. मला वाटलं, नको, राहू दे, उचलून घ्यावं ते पान. तेवढ्यात ते म्हणाले, "नाही. मले नाही करायची सही त्या पानावर."

घरचं बोलणं आलं त्यांच्या तोंडात, अकोल्याचं, कापूस वेचणाऱ्या मुलाचं. एवढ्या वर्षांत या घरात हा शब्द त्यांच्याकडून मी पहिल्यांदा ऐकला.

"घर तुझ्या नावावर राहू दे. ते तुझंच आहे," ते म्हणाले. "फक्त मागच्या दोन खोल्या वहिनीच्या, तिच्या हयातीपर्यंत, असं लिहून आण. मग दोन्ही प्रतींवर करतो. पाहिजे तर प्रत्येक ओळीखाली करतो."

मला वाटलं होतं की हे असं झालं तर मला हलकं वाटेल. महिनाभर वंदनेत मी तेच मागत होते बहुतेक, की कोणीतरी मला अडवावं. आणि आता अडवलं, तर छातीत पहिल्यांदा उसळला तो राग. लोकेशला हो, ऑफिसला हो, खाबुऱ्याच्या सामानाला हो, आणि आयुष्यातला पहिला नकार तो मला. मी इतकी वर्षं पाट मांडून वाढते आहे त्या मला. राग खरा होता आणि त्याखाली लाज होती, तीही खरी होती, आणि मला त्या दोघी एकमेकींपासून सोडवता येत नव्हत्या. मी पान उचललं. कोपऱ्याला ठेच्याचं तेल लागलं होतं. ठिपक्याच्या जागी बोट ठेवून उभी राहिले.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं. नेहमीसारखंच, कोणाचं मन दुखावलं का हे बघायला.

माझ्या ओठांवर उत्तर तयारच होतं. मऊ, रोजचं. मी कुठे रागावते. छे हो, रागवायचं काय त्यात. मी मऊ बोलणारी बाई आहे, असं सगळे म्हणतात. मी मोडक्या पायरीवर पाय ठेवला.

"हो," मी म्हटलं. "रागावले आहे मी. फार."

आवाज बराच मोठा झाला असावा. आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला.